खुब्याचा सौदा

जवळा बाजार या गावच्या गुरांच्या बाजारात तातेराव उकिडवा बसला की त्याच्या नजरेतून एकही पाय सुटत नसे. बाकीचे दलाल जनावराचं तोंड उघडून दात मोजायचे, शेपूट पिळायचे, पाठीवर थापा मारायचे. तातेराव आधी नुसती चाल बघायचा. शिंगाला रंग देता येतो, चालीला देता येत न्हाई, असं त्याचं म्हणणं. पस्तीस वर्षं त्यानं हाच धंदा केला, आणि तातेरावनं पसंत केलेला बैल लंगडा निघाला असं सांगणारा माणूस पंचक्रोशीत अजून जन्माला यायचा होता.

दोन हजार तीन साल, संक्रांतीनंतरचा बाजार. समोर लाल कंधारी बैलांची रांग उभी होती आणि शेजारी कनेरगाव नाक्याकडून आलेलं एक गिऱ्हाईक बसलं होतं. बैलांच्या पोटाखालून पलीकडची वाट दिसत होती. तिथं माणसांचे नुसते गुडघ्याखालचे पाय ये-जा करत होते. त्यातली एक चाल तातेरावच्या डोळ्यात खुपली. डावं पाऊल धड टेकायच्या आत उजवं घाईनं पुढं येत होतं, आणि दर पावलाला सगळा भार एका अंगाला कलत होता.

"डाव्या खुब्यात खोट हाये," तो सवयीनं बोलून गेला. "दोन-तीन वर्सं तरी झाली आसतील. कुणाचं हाये हे?"

गिऱ्हाईक हसलं. "आवो मामा, ती बाई हाये!"

तातेरावनं मान खाली घालून नीट पाहिलं. हिरवं लुगडं, लाल काठ, काठाला बाजारातली धूळ. हे लुगडं त्यानंच दिवाळीला घेतलं होतं. डोक्यावर दाव्यांचं गाठोडं घेऊन चाललेली ती त्याची बायको होती, शालूबाई.

शालूबाई दर बाजाराला एका कडेला पोतं अंथरून दावी, कासरे, वेसणी आणि रंगीत गोंडे विकायला बसायची. नवरा बैल विकायचा आणि बायको तो बांधायचं दावं विकायची. या दोघांच्या तावडीतून बैल सुटायचा नाही, अशी लोक थट्टा करायचे. घरून दोघं बरोबरच निघायचे आणि बरोबरच परतायचे. पण बरोबर म्हणजे तो पुढं आणि ती दहा पावलं मागं, जशी तिकडच्या बायकांची रीत. तेहतीस वर्षं त्यानं तिला मागून येताना ऐकलं होतं. चालताना पाहिलं मात्र नव्हतं.

दुपारी भाकरी सोडल्यावर त्यानं विचारलं, "काहून सांगितलं न्हाई मला?"

"काय सांगायचं?"

"पाय."

शालूबाईनं मिरची मोडली. "वय झालं का दुखतंच. तेल लावते, ईट गरम करून शेकते. त्यात तुमाला काय सांगायचं? तुमच्या मागं बाजार हाये."

"कधीपसून?"

"विज्याच्या लग्नापसून आसंल."

विजयकुमारच्या, म्हणजे त्यांच्या पोराच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तातेरावला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. "लोकाच्या बैलाचं लंगडणं पैशे घेऊन सांगून राहिलो मी," तो म्हणाला, "आन घरचं..." भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

आठ दिवसांनी दोघं नांदेडला गेले. विजयकुमार म्हणाला, मी येतो. तातेरावनं त्याला शेताकडं बघायला सांगितलं. स्टँडवर उतरल्यावर दवाखाना जवळच होता. तातेराव थांबला आणि म्हणाला, "तू हो पुढं."

"पुढं? आन तुमी?"

"मी मागून येतो."

"काय तरीच! लोक काय म्हणतील?"

"नांदेडात कोण वळखतंय तुला? चाल."

ती लाजत, पदर सावरत पुढं झाली आणि तातेरावनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोची चाल पाहिली. दहा-बारा पावलं झाली की ती थांबायची. थांबली की एखाद्या दुकानाच्या पाटीकडं बघायची, नाहीतर बाहेर टांगलेल्या साड्यांकडं, नाहीतर स्टीलच्या भांड्यांकडं. वाचायला तिला येत नव्हतं आणि घ्यायचं काही नव्हतं. दुखणं ओसरेपर्यंत ती बघत राहायची आणि मग पुढचं पाऊल टाकायची.

तातेरावला आता एक एक आठवायला लागलं. बाजारातून घरी जाताना ती मागं पडायची तेव्हा तो वळून न बघताच ओरडायचा, "काय बघत बसतीस गं रस्त्यानं? पाय उचल!" आणि ती "आले, आले" म्हणायची. तीन वर्षं त्यानं तिला अशी हाकलली होती. बैलाला पराणी टोचणाऱ्या माणसाला तो भर बाजारात शिव्या द्यायचा. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की रस्त्यात डोळे पुसायला त्यानं उपरण्याचं टोक वर घेतलं आणि धूळ गेल्याचं सोंग केलं.

डॉक्टर तरुण होता आणि बोलायला गोड. त्यानं एक्स-रे काढून घेतला आणि तो फोटो उजेडात धरून दाखवला. खुब्याच्या वाटीत हाडाचा जो गोळा फिरतो तो एका बाजूनं झिजून चपटा झाला होता. गोळ्यांनी आता भागणार नाही, सांधाच बदलावा लागेल, असं तो म्हणाला. मग त्यानं खणातून तीन नमुने काढून टेबलावर मांडले.

"मामा, तीन प्रकार आहेत. हा पहिला, आपल्याकडंच बनलेला. हाडात सिमेंटनं बसवतात. सगळा खर्च धरून साठ हजार. बारा-पंधरा वर्षं चालतो. हा दुसरा, बिनसिमेंटचा. हाड स्वतःच याला धरतं. एक लाख पंधरा हजार. अठरा-वीस वर्षं जातो. आणि हा तिसरा, परदेशी. याचा गोळा चिनी मातीसारखा, पण लोखंडाला भारी. एक लाख नव्वद. पंचवीस वर्षं आणि वरही."

"हमी?" तातेरावनं विचारलं.

"हमी कुणीच देत नाही. अंदाज सांगतोय. झिजला की परत ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. मावशींच्या वयाला दुसरा बरा, पण ठरवायचं तुम्ही." मग तो शालूबाईकडं वळला. "एक गोष्ट मात्र तिन्हींत सारखी. जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. उकिडवं तर नाहीच."

"मंग दावी काय उभी राहून इकू?" शालूबाई म्हणाली.

"खुर्ची टाकून विका की."

गुरांच्या बाजारात खुर्चीवर बसलेली आपण, हे डोळ्यांपुढं येऊन शालूबाईला हसू फुटलं.

तातेराव हसला नाही. त्यानं तिन्ही नमुने एक एक करून तळहातावर तोलले, वाटीत गोळा फिरवून पाहिला. तिसरा हातात सगळ्यात जास्त वेळ राहिला. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर पसरलं आणि झाकलेला हात टेबलावरून डॉक्टरकडं सरकवला.

डॉक्टर चपापला. "हाताला काय झालं, मामा?"

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. गुरांच्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट दाबलं की एक, अख्खा पंजा दाबला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. हे डॉक्टरला कुठून ठाऊक असणार? शालूबाईनं हसत हसत समजावलं तेव्हा तोही हसला.

"इथं तसं नसतं मामा. भाव लिहिलेलेच आहेत. तुम्ही दोघं बाहेर बसून ठरवा आणि चारपर्यंत सांगा."

बाहेरचं बाकडं माणसांनी भरलं होतं. पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा, लेकरू मांडीवर घेतलेली बाई, वसमतचा एक बोलका गडी. त्यांच्यात अंग चोरून दोघं बसले. बसल्या बसल्या शालूबाईनं निकाल लावला.

"पैलाच घ्यायचा. साठ हजाराचा."

"काहून?"

"बराबर हिशोब हाये. मला चालू हाये बावन. पंधरा वर्सं चालला तर सदुसष्ट. माझी माय साठीत गेली, तुमची माय त्रेसष्टला गेली. सदुसष्ट लई झाले. मी मेल्यावर खुबा तसाच शिल्लक राहिला तर काय करायचा? दाव्याला बांधून इकायचा? जागंचे पैशे तेवढे राहतील."

जागा म्हणजे जवळा बाजारच्या रस्त्यालगतचा दुकानाचा तुकडा. विजयकुमारला बी-बियाण्याचं दुकान टाकून द्यायचं म्हणून दोघांनी वीस वर्षं पैसे बाजूला टाकले होते. त्यात दाव्यांचा पैसा बैलांच्या पैशाइतकाच होता. दोन लाख झाले होते आणि पाडव्याला सौदा व्हायचा होता.

शालूबाईचा हिशोब तातेरावच्या ओळखीचा होता. दात जुळलेल्या, उतारवयाच्या बैलाबद्दल शेतकरी असंच बोलायचे: आणखी दोन हंगाम निघाले तरी फिटलं, वर खर्च कशाला? तो स्वतःही बोलला होता, हजारदा. पण तेच बोलणं आता तो बायकोच्या तोंडून ऐकत होता. किती सहज तिनं स्वतःला पंधरा वर्षांत बसवून टाकलं होतं! आणि पंधरा वर्षांनी मी काय करू, हे तिच्या हिशोबात कुठं होतं?

त्याला म्हणायचं होतं, मला तू पंचवीस वर्षं पाहिजे. पण हे कसं म्हणायचं असतं? तेहतीस वर्षांच्या संसारात, घरात दुसरं कुणी नसतानाही, असलं काही तो बोलला नव्हता. बैलाचे गुण सांगताना ज्याची जीभ कधी अडखळली नाही तो माणूस पाच माणसांच्या बाकड्यावर मुका झाला. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. मघाचं उपरणं हातावर टाकलं आणि हात तिच्याकडं केला.

"येड लागलं का?" शालूबाई पुटपुटली. "मी काय दोन दाती कालवड हाये?"

पण तिचा हात उपरण्याखाली आला. तीस वर्षं पोत्यावर बसून तिनं सगळ्या खुणा पाठ केल्या होत्या.

"कशाचा भाव?" तिनं हळूच विचारलं.

"वर्साचा. एक बोट, एक वरीस."

त्यानं तिचा अख्खा पंजा पाच वेळा दाबला. पंचवीस. दोर वळून वळून तिचा तळहात खडबडीत झाला होता. तो इतका वेळ हातात धरून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. शालूबाईनं मान हलवली आणि तीनदा दाबला. पंधरा. त्यानं पुन्हा पाच. तिनं पुन्हा तीन. तो खाली उतरला: चार पंजे आणि वर तीन बोटं. ती चढली: तीन पंजे आणि एक बोट. एक वर्ष वाढवून दिल्याचा केवढा उपकार तिच्या चेहऱ्यावर होता!

वसमतचा गडी मघापासून बघत होता. "काय घेऊन राहिले मामा? बैल का म्हैस?"

"समोरचं गिऱ्हाईक लई चिवट हाये," तातेराव म्हणाला. सौदा चालू असताना चेहरा हलू द्यायचा नसतो. पण त्याचा चेहरा ऐकत नव्हता. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला उपरणं मोकळं नव्हतं.

ते पाहून शालूबाईचा हात थांबला. मग खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमचे सांगा आधी."

"काय?"

"तुमचे किती? माझेच काहून मोजून राहिले? पंचवीस वर्सांचा खुबा बसवला आन तुमी दहाव्या वर्साला निघून गेलात, तर मी ठणठणीत पाय घेऊन कुठं चालू? कुणाच्या मागं चालू?"

कुठल्याही जनावराचं वय तातेराव उभ्या उभ्या सांगायचा, पण स्वतःचं किती उरलं याचा विचार त्यानं कधी केला नव्हता. त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. बाप बासष्टला गेला होता, थोरला भाऊ साठीही न बघता. खरं सांगायचं तर एक पंजा दाबायला पाहिजे होता. फार तर दोन. आणि दलाल उपरण्याबाहेर शंभर थापा मारतो, पण उपरण्याखाली खोटं बोलत नाही. तिथं खोटं बोलला तो धंद्यातून उठला. पस्तीस वर्षांत तातेराव तिथं एकदाही खोटं बोलला नव्हता.

त्याची नजर खाली गेली. शालूबाईची डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. चप्पल टाचेखाली मोकळी पडली होती.

त्यानं चार वेळा पंजा दाबला.

शालूबाईनं त्याच्याकडं बघितलं. हा माल त्याच्या हातातला नाही, हे तिला चांगलं कळत होतं. तातेरावच्या खऱ्या-खोट्या भावाची पारख तिच्याइतकी बाजारात कुणाला नव्हती. तिला नाही म्हणता आलं असतं. तिनं त्याचा हात हातात घेतला, चारदा दाबला आणि सौदा पटल्यावर मारतात तशी वरून थाप मारली.

"वीस," ती म्हणाली. "दोघांचे बी."

"झाला का येव्हार?" वसमतच्या गड्यानं विचारलं.

"झाला," तातेराव म्हणाला आणि उपरण्यानं तोंड पुसून घेतलं.

चार वाजता त्यांनी डॉक्टरला दुसरा प्रकार सांगितला. विजयकुमारला घरी गेल्यावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मायच्या पायापेक्षा जागा मोठी हाये का? आणि उरलेल्या पैशात होईल तेवढा, अर्धा तुकडा घ्यायचं ठरलं. अर्ध्या जागेत अर्धंच बियाणं ठेव, असं शालूबाईनं त्याला बजावलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला दवाखान्याचा हिरवा झगा घातला. त्यात ती एवढीशी दिसत होती. मंगळसूत्र, जोडवी काढून तिनं तातेरावच्या हातात दिली. ढकलगाडी दाराशी आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते. भीती वाटत होती, पण ते ती कुणाला सांगणारी नव्हती. तिनं बोटानं त्याला जवळ बोलावलं.

"मामा, सरका, उशीर होतोय," सिस्टर म्हणाली.

"एक मिंट थांब माय," शालूबाईनं तिला थांबवलं. मग तातेरावला म्हणाली, "मी तर आता लोखंडाची होऊन येते. माझे वीस पक्के. तुमचं तुमी बघा."

तातेरावला हसायचं होतं, पण हसू अर्ध्यातच अडकलं. दार लागलं.

तो दारापुढं उभा राहिला. अठ्ठावन्न आणि वीस, अठ्ठ्याहत्तर. त्याच्या घराण्यात तेवढं कुणी जगलं नव्हतं. आजवर तो जगत होता कारण सकाळी उठलं की बाजार असायचा, शेत असायचं. त्यासाठी कुणाला शब्द द्यावा लागला नव्हता. आता शब्द दिला होता. आणि दिला होता अशा बाईला, जी एक एक वर्ष बोटावर मोजून घेणार होती. दोन वर्षांमागं एकदा धरणाच्या कालव्याजवळ चढ चढताना छातीत कळ आली होती. बसला, पाणी प्याला, आणि घरी कुणालाच सांगितलं नाही. काय सांगायचं, वय झालं का दुखतंच, असं त्यालाही वाटलं होतं.

मंगळसूत्र आणि जोडवी त्यानं बंडीच्या आतल्या खिशात नीट ठेवली. मग जिना उतरून खाली गेला. खालच्या खोलीत दुसरा एक डॉक्टर आजाऱ्यांना तपासत बसला होता. तातेराव आयुष्यात कधी स्वतःसाठी दवाखान्याच्या खुर्चीवर बसला नव्हता. नंबर आला तसा तो अवघडून बसला आणि त्यानं बाही वर केली.

"बोला मामा, काय तकलीफ आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"एकदा छातीत कळ आली व्हती. दोन वर्सं झाली," तातेराव म्हणाला. "चांगलं निरखून बघा सायब. मला अजून वीस वर्सं टिकायचं हाये."